आरएफआयडीचा खरा जाणकार कसा ओळखावा आणि त्याचे ज्ञान कारखान्यात कसे टिकवावे?

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव)
नमस्कार. आमची उद्यमबागेत फाउंड्री असून ग्राहकांचे लाकडी व ॲल्युमिनियमचे पॅटर्न (वाळूत साचा उठवण्यासाठीचे नमुने) सांभाळणे ही आमच्याकडची मोठी जबाबदारी आहे. हवा तो पॅटर्न वेळेवर सापडत नाही, म्हणून प्रत्येकावर आरएफआयडी टॅग (रीडर नावाच्या यंत्राने रेडिओ लहरींद्वारे लांबून वाचता येणारी चिप) लावण्याचा विचार चालू आहे. दोन पुरवठादार येऊन गेले. दोघांनीही कार्यालयातील टेबलावर टॅग ठेवून तो लांबून वाचून दाखवला आणि दोघांकडेही प्रमाणपत्रे होती. ज्याला हे काम खरोखर येते तो माणूस ओळखावा कसा, आणि तो काम उरकून गेल्यावर त्याचे ज्ञान आमच्या मुलांकडे राहावे यासाठी आधीच काय ठरवून घ्यावे?

उत्तर १ (संकेश्वर)
मी फास्टॅग रीडरच्या देखभालीचे काम करतो. टेबलावरच्या प्रात्यक्षिकावरून काहीही ठरवू नका. दोघांनाही पॅटर्नच्या गोदामात न्या. जाणकार माणूस रीडर सुरू करण्याआधी रॅक लोखंडी आहेत का, पॅटर्न एकमेकांवर रचले जातात का, हे विचारतो. लेबलासारखा साधा टॅग लाकडावर चांगला चालतो, पण तोच ॲल्युमिनियमवर चिकटवला की जवळजवळ निकामी होतो, कारण धातूच्या लगत त्याच्या अँटेनाचे ट्यूनिंग बिघडते आणि चिप जागी होण्याइतकी ऊर्जा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. धातूसाठीच्या टॅगमध्ये अँटेना आणि धातू यांच्यामध्ये फोम किंवा सिरॅमिकसारखा थर असतो. तो टॅग महाग पडतो. लाकडाला एक आणि ॲल्युमिनियमला दुसरा टॅग असे जो स्वतःहून सुचवतो, त्याने हे काम हाताने केलेले आहे असे समजायला हरकत नाही.

शिवाय रीडर रेडिओ लहरींच्या कोणत्या पट्ट्यावर (फ्रिक्वेन्सीवर) लावणार, हेही विचारा. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून परवान्याविना खुला आहे, तर अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ वापरतात. तिकडचे यंत्र तिकडच्याच सेटिंगवर चालवून दाखवणाऱ्याला काम देऊ नये.

उत्तर २ (बेळगाव)
मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. प्रमाणपत्राला मी कमी लेखत नाही, त्यातून मूलतत्त्वांची ओळख झालेली असते; मात्र तज्ज्ञता दिसते ती टॅग वाचला गेला नाही तेव्हा. चाचणीत वाचले न गेलेले टॅग बाजूला काढायला सांगा आणि प्रत्येकाचे कारण विचारा. ‘पॉवर वाढवू’ एवढेच उत्तर देणारा अंदाजाने चालतो. टॅग आडवा असून अँटेना उभ्या ध्रुवीकरणाची (म्हणजे उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या लहरी सोडणारी) आहे, की केबल लांब असल्याने वाटेतच शक्ती घटते, हे तपासून सांगणारा माणूस आपल्याला हवा.

ज्ञान टिकवण्यासाठी खरेदीच्या ऑर्डरमध्येच अट घाला. प्रत्येक अँटेनाची उंची, तिचा कल, केबलचा प्रकार व लांबी, रीडरची पॉवर आणि कोणत्या खणातले टॅग कोणत्या कारणाने वाचले गेले नाहीत, ही सारी नोंद लेखी मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. न वाचलेल्या टॅगांची नोंद पुरवठादार सहसा स्वतःहून देत नाहीत, आणि पुढच्या माणसाला सर्वांत जास्त उपयोग तिचाच होतो. आपल्या भागात एकाच पाळीत मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे कामगार असतात. नोंद दोन्ही भाषांत ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

उत्तर ३ (चिकोडी तालुका)
मी एका साखर कारखान्याच्या यार्डात काम पाहतो. वजनकाट्यावर उसाच्या ट्रॉलीचा टॅग वाचायचा, तर शेजारच्या रांगेतील ट्रॉलीही नोंदली जात असे. बाहेरून आलेले अभियंते सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत राहिले. आमच्या वायरमनने अँटेना खाली झुकवली आणि पॉवर कमी करायला लावली. मोकळ्या जागेत पॉवर चौथाईवर आणली की वाचनाचा पल्ला साधारण निम्मा होतो. त्यामुळे शेजारची रांग आपोआप बाहेर पडली. अहवालात मात्र त्याचे नाव कुठेच आले नाही, याची मला आजही खंत आहे. पुढच्या अडचणीला कोणाला हाक मारायची हे त्या कागदावरूनच कळायला हवे होते. आपण नोंद ठेवाल तेव्हा उपाय कोणी शोधला, हेही लिहा, मग तो हेल्पर का असेना.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. दोघांनाही लोखंडी रॅकच्या सर्वांत खालच्या खणातील ॲल्युमिनियमचे पॅटर्न चाचणीसाठी देतो. टॅग कोणत्या अंगावर लावायला सांगावे?

उत्तर १
वाळूला लागणाऱ्या अंगावर अजिबात नको. साचा ठोकताना टॅग उखडेल आणि कास्टिंगवरही खूण उमटेल. पॅटर्न पाटावर बसवलेला असेल, तर पाटाची जी कड रॅकच्या तोंडाशी येते तिच्यावर लावा. चाचणीत काही पॅटर्न मुद्दाम उलटे ठेवा आणि पुरवठादाराला ते आधी सांगू नका.