समांतर तुकडीशी श्रेणी जुळत नाहीत. जुळवायचं म्हणजे नक्की काय?

तिसरीच्या बाई

नमस्कार. प्रश्न लांबला आहे, पण थोडक्यात मांडला तर त्यातलं महत्त्वाचंच निसटेल.

आमच्याकडे तिसरीच्या दोन तुकड्या आहेत. 'अ' माझी, 'ब' माझ्या सहकारी बाईंची. घटक एकच, आठवडा एकच, सत्राअखेरचा लेखनाचा विषयही एकच दिला होता: 'अचानक पाऊस आला तेव्हा'. निकष दोघींकडे तेच, एकाच कागदावरचे. तरी माझ्या ३४ मुलांपैकी ५ जणांना सर्वांत वरची श्रेणी आणि त्यांच्या ३३ पैकी १६ जणांना. मुख्याध्यापकांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले आणि म्हणाले, "दोघी बसा, मॉडरेशन (वह्या एकत्र बघून श्रेणी पडताळणं) करा आणि आकडे जवळ आणा."

त्या शेवटच्या तीन शब्दांपाशी मी अडकले आहे. आकडे जवळ आणायला पाच मिनिटं पुरतील. मी सहा जणांना वर सरकवायचं, त्यांनी पाच जणांना खाली घ्यायचं, झाला तक्ता सारखा. वह्या मात्र होत्या तशाच राहतील.

दोन वह्यांबद्दल सांगते. पहिली माझ्या वर्गातल्या एका मुलीची. नऊ ओळी. 'पाणि', 'पाठिवर', 'भीजली', असं सगळीकडे. पूर्णविराम एकच, तोही अगदी शेवटी. पण मजकूर असा: पाऊस आला तेव्हा सगळे पळाले, मी पळाले नाही कारण दप्तरात भावाने काढलेलं चित्र होतं, मग मी दप्तर पोटाशी धरून बसले आणि पाऊस माझ्या पाठीवर पडला. दुसरी वही 'ब' तुकडीतली. दीड पान, सुरेख अक्षर, एकही चूक नाही. सुरुवात: 'आकाशात काळे ढग दाटून आले. सोसाट्याचा वारा सुटला. विजा कडाडू लागल्या.' याच तीन वाक्यांनी, याच क्रमाने, त्या तुकडीतल्या अकरा वह्या सुरू होतात.

दुसरीला सर्वांत वरची श्रेणी मिळाली आहे. पहिलीला मी मधली दिली होती. आता स्वतःच्याच निर्णयावर माझा विश्वास राहिलेला नाही. सहकारी बाई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी अनुभवी आहेत आणि मनापासून शिकवतात, त्यामुळे 'तुम्ही सढळ हाताने दिलंत' असं मला म्हणायचं नाही, आणि ते खरं आहे असंही वाटत नाही.

तुम्ही एकत्र बसता तेव्हा नेमकं काय करता?

जुनी खडूपेटी

ताई, तक्ते बाजूला ठेवा आणि फक्त वह्या घेऊन बसा. एका सभेत दोन्ही कामं होत नाहीत. आकडे समोर असले की प्रत्येक वहीकडे 'हिला हलवता येईल का' अशाच नजरेनं बघितलं जातं.

आधी एक धीराची गोष्ट. असा फरक पडणं हा तुम्हा दोघींचा दोष नाही. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोन संशोधकांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती माध्यमिक शाळांना पाठवल्या होत्या. १४२ शिक्षकांनी त्या तपासल्या. एकाच उत्तरपत्रिकेला शंभरपैकी कुणी ६४ दिले, कुणी ९८. दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. लोक म्हणाले, भाषेत असं होणारच. पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली, तर तिथे २८ ते ९५! कुणी फक्त उत्तर चूक की बरोबर एवढंच पाहिलं होतं, कुणी नीटनेटकेपणाचेही गुण कापले होते. कागद तोच, पण प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजत होता. तुमच्या दोन तुकड्यांतही तेच झालं असावं. कोण कडक आणि कोण सैल हे शोधू नका. कोण काय मोजत होतं ते शोधा.

आता बसायचं कसं. आम्ही दर तुकडीतून सहा वह्या काढतो. सर्वांत चांगली आणि सर्वांत कच्ची काढत नाही, त्यांच्याबद्दल वाद होत नसतो. दोन श्रेणींच्या सीमेवरच्या काढतो, जिथे देताना हात थबकला होता त्या. नावावर कागदाची पट्टी चिकटवतो. पुढच्या बाकावरचं, पटकन हात वर करणारं मूल आणि कोपऱ्यातलं गप्प मूल यांच्या वह्या आपण एकाच डोळ्यांनी वाचत नाही, हे मला सव्वीस वर्षांनंतरही मान्य करावं लागतं. एक गुण आवडला की माणसाचे बाकीचे गुणही आपण वाढवून बघतो. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच हे दाखवलं होतं, तेही सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना दिलेल्या गुणांवरून.

मग एक जण मजकूर मोठ्यानं वाचतो. वही दाखवायची नाही, फक्त ऐकायचं. तुमच्या त्या मुलीच्या नऊ ओळी अशा वाचून बघा. कानाला 'पाणि' ऱ्हस्व की दीर्घ ते कळत नाही. त्या क्षणी तुम्ही विचार ऐकत असता. त्यानंतर वही डोळ्यांनी बघायची आणि शुद्धलेखनाचं वेगळं बोलायचं. दोन्ही महत्त्वाचं आहे, पण एकाची शिक्षा दुसऱ्याला व्हायला नको.

त्या तीन वाक्यांबद्दल: ती फळ्यावरून आली असणार. त्यात गैर काही नाही, लिहायला न धजणाऱ्या मुलाला असा आधार द्यावाच लागतो. पण आधारानं लिहिलेलं हे शिकवण्याचं साधन झालं, मुलाला काय येतं याचा पुरावा त्यातून मिळत नाही. अकरा मुलांना ती वाक्यं नीट उतरवता येतात एवढंच त्यातून कळतं. त्यांचं पुढचं पान वाचा, जिथे फळा संपतो आणि मूल सुरू होतं. शिवाय त्याच मुलांचं आधाराशिवाय लिहिलेलं आणखी काही असेल तर तेही मागवा. एका दिवसाच्या एका कामावर श्रेणी ठरवू नये.

आणि एक सवय आजपासूनच लावून घ्या. वहीच्या कोपऱ्यात 'स्व' किंवा 'म' लिहायचं. स्वतः की मदतीनं. दोन सेकंद लागतात. सत्राच्या शेवटी आपल्याला हेच आठवत नसतं.

सरळ रेषा

मला हे सगळं फार वेळखाऊ वाटतं. दोन्ही तुकड्यांना एकच लेखी चाचणी द्या, उत्तरसूची करा, वर्गांची अदलाबदल करून तपासा. मतभेदाला जागाच उरणार नाही. निदान गणितात तरी हे सहज होतं.

मणी आणि दोरी

सरळ रेषा सर, अदलाबदल करून तपासणं चांगलंच, आम्हीही करतो. पण गणितात हे सहज होतं, याला माझा विरोध आहे, कारण मी स्वतः त्यात फसले.

दोन अंकी वजाबाकीच्या दहा उदाहरणांची चाचणी घेतली होती. एका मुलाला दहापैकी चार गुण. मी 'सराव कमी' असा शेरा लिहून मोकळी झाले. महिन्याभरानं त्याला शेजारी बसवलं आणि म्हटलं, मोठ्यानं बोलत सोडव. त्यानं ५२ वजा २७ मांडलं आणि उत्तर लिहिलं ३५. म्हणाला, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले." त्याचं अख्खं शास्त्र त्या एका वाक्यात होतं. मग जुनी चाचणी पुन्हा काढून पाहिली. हातचा न लागणारी चारही उदाहरणं बरोबर होती, हातच्याची सहाही याच पद्धतीनं चुकली होती. एकदाही तो गोंधळला नव्हता. त्याला वजाबाकी चाळीस टक्के येत होती असं नव्हतंच. दशक सुटा करणं अजिबात येत नव्हतं आणि बाकी सगळं पक्कं होतं.

त्याच्या शेजारच्या मुलीलाही चारच. तिनं पहिली चार सावकाश, सगळी बरोबर सोडवली होती, त्यात दोन हातच्याची होती, आणि मग वेळ संपला. दोघांचे गुण सारखे, दोघांची गरज पूर्ण वेगळी. उत्तरसूचीनं आम्हा सगळ्या शिक्षकांचं एकमत झालं असतं की दोघंही चार. ते एकमत मला नको आहे.

म्हणून आम्ही एकत्र बसतो तेव्हा गणिताच्या वह्यांत फक्त चुकलेली उदाहरणं वाचतो. प्रत्येक चुकीवर एकच विचारतो: हे मूल काय समजून असं करतंय?

सरळ रेषा

मान्य. ५२ वजा २७ चं उदाहरण आजच माझ्या वर्गात देऊन बघतो.

(दुसऱ्या दिवशी) सात मुलांनी ३५ लिहिलं. मला तीन-चार वाटली होती.

वाचनकट्टा

दोन गोष्टींची भर घालते.

वह्यांवर वाद मिटत नसेल तर श्रेणी देऊच नका, दोन वह्या शेजारी ठेवा आणि एवढंच विचारा की यातलं लेखन कुठलं सरस. मग दुसरी जोडी, मग तिसरी. एकेका गोष्टीला नेमके गुण देण्यापेक्षा दोन गोष्टींत तुलना करणं माणसाला जास्त नीट जमतं. थर्स्टन या मानसशास्त्रज्ञानं १९२७ मध्ये या तुलनेमागचं गणित मांडलं आणि आज लेखन तपासायला काही ठिकाणी तेच वापरतात. त्यातून क्रम छान लागतो. मात्र पुढे काय शिकवायचं ते त्यातून कळत नाही, म्हणून मी ते फक्त गाठ सुटत नसेल तेव्हाच वापरते.

दुसरं, शुद्धलेखनामुळे अडकलेल्या त्या मुलीबद्दल. हाच पेच इंग्लंडमध्येही आला होता. तिथे प्राथमिकच्या शेवटच्या वर्षातल्या, १०-११ वर्षांच्या मुलांच्या लेखनाची पातळी वर्गशिक्षकच ठरवतात आणि दरवर्षी किमान २५ टक्के शाळांमध्ये स्थानिक प्रशासनाचे मॉडरेटर येऊन मुलांचं लेखन बघतात. लेखन मुलानं स्वतंत्रपणे केलेलं असावं ही तिथली पहिली अट. सुरुवातीला यादीतला प्रत्येक निकष पूर्ण झालाच पाहिजे असा नियम होता, एक राहिला तरी मूल खालच्या पातळीत. २०१७-१८ पासून लेखनापुरता तो सैल केला: एखाद्या विशिष्ट उणिवेमुळे मुलाच्या एकूण क्षमतेचं चुकीचं चित्र उभं राहत असेल, तर शिक्षक सबळ कारण देऊन वेगळा निर्णय घेऊ शकतात. 'सबळ कारण देऊन' हे महत्त्वाचं. मनाला वाटलं म्हणून नाही.

ताई, तुमच्या कागदावर निकष किती आहेत आणि त्यात शुद्धलेखन कुठे बसतं?

तिसरीच्या बाई

वाचनकट्टा, तुमच्या प्रश्नानं मला माझी चूक सापडली. निकष पाच आहेत: विचार, क्रम, शब्द, वाक्यरचना, शुद्धलेखन. शुद्धलेखन पाचांतलं एक. पण मी लाल पेन घेऊन ऱ्हस्व-दीर्घावर गोल करत जाते आणि पानावर गोल दहाच्या वर गेले की सगळ्याच निकषांत हात आखडतो. माझ्या ३४ वह्या या नजरेनं पुन्हा चाळल्या. जिथे जिथे गोल जास्त, तिथे 'विचार' या निकषातही मी कमी दिलं आहे. जवळजवळ प्रत्येक वेळी.

शनिवारी आम्ही दोघी बसतोय. बारा वह्या काढल्या आहेत, नावं झाकली आहेत.

तिसरीच्या बाई

बसलो. तासाभराचं ठरलं होतं, अडीच तास लागले. झालं ते सांगते, कारण मला अपेक्षित होतं त्यापेक्षा वेगळंच निघालं.

त्या तीन वाक्यांचा विषय मी घाबरत काढला. सहकारी बाईंनी शांतपणे त्यांच्या वर्गाच्या सत्राच्या सुरुवातीच्या वह्या काढून समोर ठेवल्या. कोरी पानं. तारीख, विषय आणि खाली काहीच नाही. त्या अकरापैकी नऊ मुलं पानावर पहिला शब्दच लिहित नव्हती. बाईंनी सुरुवात फळ्यावर दिली, सहा आठवडे रोज, आणि आता तीच मुलं पुढे स्वतःचं पानभर लिहितात. "मी त्यांना ही श्रेणी कशी नाकारू?" असं म्हणताना त्यांचे डोळे भरले होते.

आणि मग दोघींच्या एकदमच लक्षात आलं. मूल कुठून कुठे आलं यावर त्या श्रेणी देत होत्या. मूल आज कुठे आहे यावर मी देत होते, आणि त्यातही लाल गोलांमागून बघत होते. निकषांचा कागद एकच होता, पण त्याला विचारलेले प्रश्न दोन होते.

त्यांची प्रगती खरी आहे, ती कुठेतरी लिहिली गेलीच पाहिजे. म्हणून आम्ही ठरवलं की श्रेणी आजच्या, स्वतंत्र लेखनावर द्यायची आणि प्रवास शेऱ्यात लिहायचा, तारखांसकट: 'सत्राच्या सुरुवातीला एकही वाक्य लिहित नव्हता, आता आधार दिल्यावर आठ ते दहा वाक्यं लिहितो.' पालकांना आणि पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला एका अक्षरापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल.

सोमवारी दोन्ही तुकड्यांना फळा कोरा ठेवून नवा विषय दिला, 'माझी हरवलेली वस्तू'. त्यावरून आणि आधीच्या वह्यांवरून सगळ्यांचं पुन्हा बघितलं. आता वरच्या श्रेणीत माझे ८, त्यांचे ११. फरक उरला आहे. मुख्याध्यापकांना तो तसाच दाखवला, सोबत वह्या ठेवल्या. त्यांनी चार वह्या शेवटपर्यंत वाचल्या आणि सही केली.

जुनी खडूपेटी, तुम्ही सांगितलंत तसं त्या मुलीचं मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर सहकारी बाई काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "ही कुणाची?" नवीन विषयावर तिनं अकरा ओळी लिहिल्या आहेत. 'पाणि' अजून तसंच आहे. पण लिहून झाल्यावर तिला तिचंच वाचायला सांगितलं, तर जिथे थांबली तिथे तिनं आपणहून पूर्णविराम दिले, सात. तिची श्रेणी वर गेली आहे, शुद्धलेखनाच्या निकषात मात्र आहे तीच ठेवली.

एका वहीवर आमचं एकमत झालं नाही. जोडीत ठेवूनही नाही. ती तिसऱ्या शिक्षकांना दिली आहे.

पुढच्या शनिवारी गणित. मणी आणि दोरी, तुमच्या मुलाचं ५२ वजा २७ मी घेणार आहे. पण तोंडी सोडवून घ्यायला ३४ मुलांसाठी वेळ कसा काढता? रोज किती जणांना बोलावता, आणि तेव्हा बाकीचा वर्ग काय करत असतो?

मणी आणि दोरी

रोज चारच. बाकीची मुलं तेव्हा जोडीनं एकमेकांसाठी उदाहरणं तयार करतात, सोडवायची नाहीत, फक्त तयार करायची. नोंद एका ओळीची, मुलाच्याच शब्दांत. नऊ दिवसांत तुमचा वर्ग होईल. गैरहजर राहिलेल्यांसाठी दहावा दिवस मोकळा ठेवा.