मदत हवी आहे: वाचनालयात ऑटिस्टिक सहकारी, दिवाळी अंकांची गर्दी आणि रविवारची मीटिंग

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा प्लीज.

मी एका तालुक्याच्या गावी वाचनालयात ग्रंथपाल आहे. ब वर्ग, म्हणजे अनुदान येतं पण कधी येतं ते विचारू नका. मार्चपासून आमच्याकडे २३ वर्षांचा एक मुलगा मानधनावर लागलाय. त्याला ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) वगैरे सगळं आहे. कामाला एक नंबर. आम्ही हरवली समजून निर्लेखनाला (नोंदीतून कमी करायला) काढलेली ३७ पुस्तकं त्याने दोन आठवड्यांत शोधून दिली, अर्धी चरित्रं कादंबऱ्यांच्या कपाटात मागच्या रांगेत पडलेली होती. दाखल क्रमांक त्याला नोंदवही न उघडता आठवतात, मला अजून माझा फोन नंबर सांगताना अडखळायला होतं.

घोटाळे होतात ते बोलण्यात. आमचे कार्यवाह त्याला म्हणाले, वर्गणी थकलेल्यांच्या जरा मागे लाग. हा त्या दिवशी आलेल्या एका थकबाकीदार काकांच्या मागे मागे थेट एस्टी स्टँडपर्यंत गेला. काका घाबरले. आम्ही तेव्हा हसलो पण नंतर मला वाटलं चूक कोणाची, त्याने तर सांगितलं तेच केलं.

आता खरा प्रॉब्लेम. दिवाळी अंक योजना सुरू झाली त्या दिवशी देवघेव काउंटरला ही गर्दी. माझी सहकारी रजेवर होती म्हणून मीच त्याला आतून काउंटरवर आणून बसवलं, आदल्या दिवशी सांगितलंही नव्हतं. सगळे एकदम बोलतायत, मोबाइल वाजतायत, कोणाला हाच अंक आधी पाहिजे, एक बाई त्याच्या दंडाला धरून हलवून विचारायला लागल्या की अरे ऐकू येत नाही का. तो ओरडला, कान दाबून टेबलाखाली जाऊन बसला आणि वीस-पंचवीस मिनिटं बाहेर आला नाही. मी जवळ जाऊन समजावत राहिले तर अजूनच वाढलं.

आता कार्यकारिणीतले काही जण म्हणतात सभासद तक्रार करतात, त्याला काढा नाहीतर मागच्या खोलीत बाइंडिंगला बसवा. त्याची आई म्हणते काहीही करा पण सभासदांना ऑटिझमचं सांगू नका, गावात लग्नाची बहीण आहे. रविवारी मीटिंग आहे. मी काय मांडू? सभासदांना न सांगता कसं निभावायचं? आणि पुन्हा असं झालं तर त्या क्षणी नेमकं काय करायचं असतं?

प्रतिसाद १:
ताई, माझा मुलगा १७ वर्षांचा, ऑटिझम स्पेक्ट्रमवर आहे. तुम्ही जे सांगताय ते मेल्टडाउन, म्हणजे आवाज-गर्दी असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटणं. हट्ट किंवा तमाशा नव्हे. त्या वेळी बोलणं बंद, हात लावायचा नाही, लोकांना बाजूला करायचं, दिवा-पंखा कमी करता आला तर करायचा आणि थांबायचं, बास. समजावणं म्हणजे त्याच्या डोक्यात अजून एक आवाज. नंतर "का केलंस" म्हणून उलटतपासणी पण नको, दमलेला असतो. कान झाकणारे हेडफोन आणून ठेवा. काम चिठ्ठीवर लिहून द्या, बदल असेल तर आदल्या दिवशी सांगा.

प्रतिसाद २:
मीटिंगसाठी कायद्याचा मुद्दा देतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६, त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणीही आहेत (एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, मात्र यादीत वेगळा नाही, ही खंत आहेच). शासकीय आस्थापनेने कामाच्या जागी वाजवी सोयी करून द्यायच्या असं कलम २० म्हणतं, आणि गंमत म्हणजे शासकीय आस्थापनेच्या व्याख्येत सरकारची मदत घेणाऱ्या संस्थाही येतात. अनुदान घेताय ना? मग कार्यवाहांना एवढं वाचून दाखवा. आधी वकिलाला एकदा विचारून घ्या म्हणजे झालं.

प्रतिसाद ३:
मी स्वतः ऑटिस्टिक आहे, पुण्यात आयटीत, निदान तिशीनंतर झालं. धागा दोनदा वाचला. त्यात कार्यवाह आहेत, आई आहे, दंड धरणाऱ्या बाई आहेत, तुम्ही आहात. त्याला कोणी विचारलं का? समोर बसवून डोळ्यात बघून नका विचारू, कागद द्या आणि वेळ द्या. आणि सभासदांना सांगायचं की नाही हे आईनेही नाही, त्याने ठरवायचं, २३ वर्षांचा आहे तो. मागच्या खोलीचं पण तेच, त्याला तिथे आवडत असेल तर ती सोय, नाहीतर शिक्षा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. प्रतिसाद ३ वाचून मान खाली गेली, खरंच विचारलं नव्हतं. काल त्याला कोरा कागद दिला, लिहिलं की काउंटरवर काय त्रास होतो, घरी नेलंस तरी चालेल. आज सकाळी टेबलावर ठेवून गेला. चार ओळी आहेत:

१. दोन माणसं एकदम बोलतात.
२. हात लावतात.
३. दुसऱ्या कपाटावरची ट्यूब मार्चपासून आवाज करते.
४. काउंटर सकाळी ८ ते ९ चालेल, तेव्हा फक्त पेपर वाचणारे असतात.

ट्यूबचं मला आजपर्यंत माहीत नव्हतं. सगळं बंद करून त्या कपाटाखाली उभी राहिले तर खरंच चोक गुणगुणतोय. गेले आठ महिने तो त्याच्याखाली बसून काम करतोय. वायरमन उद्या येतोय, एलईडीचे पैसे सध्या मीच घालते. काउंटरपुढे एकेकाने यायची दोरी लावणार आहे, त्यासाठी कोणाला कारण सांगायची गरज नाही. सभासदांना सांगायचं का हे विचारायला दुसरा कागद दिलाय, तो अजून आला नाही. मीटिंगचं रविवारी रात्री लिहिते.