ड्रॅगन आहेत, हुकूमशहा आहेत, पण तलाठी कुठाय?

हरभटरोड

गेल्या काही वर्षांत गाजलेल्या फँटसी आणि डिस्टोपियन (म्हणजे जुलमी, बिघडलेल्या जगाच्या) कादंबऱ्या ओळीनं वाचतोय. सांगलीत ही पुस्तकं घेणारी बहुतेक कॉलेजची पोरं. आमच्यासारखे रिटायरमेंटला टेकलेले त्यांच्याकडून मागून नेतात. माझं मत आधीच सांगतो, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला. या पुस्तकांत राजा असतो, सैन्य असतं, जादू असते. तलाठी नसतो. जुलूम चालवायला याद्या लागतात, शिक्के लागतात, आणि त्या याद्या करून संध्याकाळी डबा घेऊन घरी जाणारा माणूस लागतो. तो दिसला की मला ते जग पटतं.

रिबेका यारोस यांची 'फोर्थ विंग' (२०२३) घ्या. ड्रॅगनस्वारांच्या युद्धशाळेत दाखल व्हायचं तर पहिल्याच दिवशी अरुंद दगडी कठड्यावरून पलीकडं जायचं. पडला तो मेला. सुरुवात झकास. पण एवढी तरणी पोरं मरतात आणि कुणाचे आईबाप दारात येऊन बसत नाहीत? पुढं प्रेमप्रकरण सुरू झालं की मरणाची भीती सुट्टीवर जाते. बाकीच्यांना एक ड्रॅगन मिळायची मारामार, नायिका बाईसाहेबांना दोन.

पॉल लिंच या आयरिश लेखकाच्या 'प्रॉफेट साँग'ला २०२३चं बुकर मिळालं. डब्लिनमध्ये एका संध्याकाळी दारावर पोलीस येतात, शिक्षक संघटनेत काम करणाऱ्या नवऱ्याची चौकशी करतात, पुढं नवरा गायब. राहते बायको आयलिश, चार पोरं आणि म्हातारा बाप. अख्ख्या पुस्तकात परिच्छेद पाडलेले नाहीत, दम लागतो वाचताना. पण हे सरकार आलं कुठून, चालतं कशावर, याचा पत्ता लागत नाही. वळवाचा पाऊस पडावा तसा जुलूम पडतो.

आता सुझॅन कॉलिन्स. 'हंगर गेम्स'चं जग माहीतच असेल: दरवर्षी बारा जिल्ह्यांतून सोडतीनं पोरं उचलायची, एकमेकांना मारायला लावायची आणि ते टीव्हीवर दाखवायचं. मार्च २०२५ मध्ये आलेल्या 'सनराइज ऑन द रीपिंग'मध्ये पन्नासावे खेळ आहेत, म्हणून दुप्पट पोरं, ४८. सोडतीत नाव निघालेला एक मुलगा पळतो, त्याला गोळी घालतात. हेमिच नावाचा पोरगा एका मुलीसाठी मध्ये पडतो, तर रिकाम्या जागी त्यालाच भरतात. त्याचं नाव सोडतीत निघालेलंच नाही! पण टीव्हीवर सगळं नियमानं झालेलं दिसायला हवं. म्हणून कॅमेरेवाले पुन्हा सगळ्यांना जागेवर उभं करतात आणि सोडत 'नीट' चित्रित करून घेतात. रक्त सांडलंय आणि यांना वेळेत कार्यक्रम उरकायचाय. इथं मला तलाठी दिसला. माझ्या लेखी या सगळ्यात हेच पुस्तक वरचढ.

कुपवाडची_थोरली

काका, 'फोर्थ विंग' तुम्ही प्रेमप्रकरणापाशीच मिटलेलं दिसतंय. त्या शाळेत रोज सकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून मेलेल्यांची नावं वाचतात. वाचणारा कोण? लेखनिकांच्या विभागातला अधिकारी. हाच की तुमचा तलाठी! आणि नायिका व्हायोलेट मुळात लेखनिक व्हायला निघालेली असते, दप्तरखान्यात वाढलेली पोरगी. सेनापती आई तिला जबरदस्तीनं ड्रॅगनस्वारांत घालते.

(वाचायचं असेल त्यांनी पुढचं वाक्य सोडा.) शेवटाशी कळतं ते हेच, की खऱ्या शत्रूबद्दलच्या नोंदी सरकारनंच दडवल्यात आणि ते संकट पोरांच्या गोष्टींच्या पुस्तकातच शिल्लक आहे. याहून जास्त दप्तर कुठल्या ड्रॅगनच्या पुस्तकात हवंय तुम्हाला? दोन ड्रॅगनचं म्हणाल तर ते मलाही जास्तच वाटलं, पण तो वेगळा मुद्दा झाला.

आयर्विनखालून

माझं भांडण 'प्रॉफेट साँग'वरून. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. कोयना धरणातनं किती सोडलं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणानं किती अडवलं, यावर नंतर पेपरांत रकानेच्या रकाने आले. पण त्या रात्री घरात कोण बोलत होतं त्यावर? घरात एवढंच: तांदळाची पोती माडीवर न्यायची का, आजीला जिन्यावरनं कसं उतरवायचं, आणि 'अजून एक फूट चढलं की निघू'. एक फूट चढलं की पुढच्या फुटाची वाट.

आयलिशचं तेच चाललंय. बापाला विसरायचा आजार, तो घर सोडायला तयार नाही. बहीण कॅनडातनं फोन करकरून सांगते, निघा तिथनं. ही म्हणते, नवरा परत आला आणि घराला कुलूप दिसलं तर? मला ते वाचताना पुस्तक खाली ठेवावं लागलं. लिंचनं मंत्रालयातली एखादी बैठक दाखवली असती तर वाचणारा तिच्यापेक्षा शहाणा झाला असता, आणि 'ही बाई निघत का नाही' म्हणत बसला असता. तलाठी पाणी उतरल्यावर येतो दादा, पंचनाम्याला. पाणी चढताना तो आपल्याला दिसत नाही.

पेठभाग_जुना

परदेशी ड्रॅगन आणि परदेशी हुकूमशहा हवेत कशाला? 'ययाति' वाचा. नाही तर चांगलं नाटक बघा. ही सांगली आहे.

कुपवाडची_थोरली

अण्णा, 'ययाति'त शापानं म्हातारा झालेला राजा पोराचं तारुण्य मागून घेतो. ही फँटसी नाही तर काय? खांडेकर सांगलीत जन्मले आणि १९७४चं ज्ञानपीठ मिळालं म्हणून ते साहित्य, आणि यारोसबाईंचं ते पोरखेळ? नाटकाचं म्हणाल तर १८४३ मध्ये याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. त्यांच्या खेळांत राक्षस आरडाओरडा करत रंगमंचावर यायचे आणि लोक खूश व्हायचे. आम्ही काय नवीन मागतोय?

मिरजजंक्शन

मी मधला, दोन्हीकडचे दगड खाणार. प्रयाग अकबर यांची 'लीला' (२०१७) कुणीच काढली नाही म्हणून लिहितोय. भिंती घालून जातीधर्माप्रमाणे तोडलेलं शहर, आणि हिरावून नेलेली मुलगी वर्षानुवर्षं शोधणारी आई, शालिनी. भिंतीचं वर्णन अंगावर येतं. पण तिथंही सरकार म्हणजे एकजात दुष्ट.

आता आपलं बघा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेतनं लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा वॅगनी, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून कलम १४४ लावलेलं. पाच माणसांनी टाकीपाशी एकत्र उभं राहायचं नाही! कादंबरीत वाचलं असतं तर 'लेखकानं ताणलंय' म्हणालो असतो. पण जमावबंदीचा कागद काढणारी यंत्रणा आणि वॅगनी धुऊन, भरून, रूळ मोकळा ठेवून पाणी पोचवणारी यंत्रणा एकाच सरकारची. एका टेबलावर बंदीची सही, दुसऱ्यावर पाण्याची. असं दोन्ही करणारं सरकार मला हल्लीच्या एकाही डिस्टोपियात भेटलेलं नाही. तलाठी हवाच, पण दुष्टच कशाला हवा? ज्याच्या हातून पाणीही मिळतं तो जास्त अवघड.

हरभटरोड

मिरजकर, हे बोललात ते माझ्या मनातलं. कॉलिन्सबाईंचा कॅमेरेवाला प्लुटार्क थोडा त्याच जातीचा आहे. हेमिचला शेवटची गळाभेट घेऊ देतो आणि तीही कॅमेऱ्यात टिपून घेतो. माणूस चांगला की वाईट, ठरवता येत नाही.

आयर्विनवाले, पुराचं मान्य. पण पूर उतरल्यावर आपण अलमट्टीवर भांडतो तरी. लिंच वाचकाला भांडायला काही ठेवत नाही, नुसता बुडवतो. आणि थोरले, रोज सकाळी नावं वाचतात हे मी वाचलंय. वाचून झाली की पुढच्या पानावर ती नावं कुणाच्या तोंडी असतात का, एवढंच सांग.

कुपवाडची_थोरली

असतात. व्हायोलेटच्या जवळचा एक जण मरतो त्यानंतरची पानं परत काढून बघा. आणि तुमच्या हेमिचचं काय? तो जिंकणार, वाचणार, दारुडा होणार हे पहिलं 'हंगर गेम्स' आलं तेव्हापासून, म्हणजे २००८ पासून ठाऊक आहे. यारोसबाईंच्या पुस्तकात निदान कोण मरेल ते माहीत नसतं.

हरभटरोड

तेच तर. तो जिंकला हे ठाऊक होतं, कसा जिंकला त्याची फिल्म आपण त्याच मालिकेतल्या 'कॅचिंग फायर'मध्ये (२००९) पात्रांबरोबर पाहिली होती. ती फिल्म काटछाट केलेली होती, हे २०२५ मध्ये कळलं. सोळा वर्षं सरकारी प्रत खरी मानून बसलो होतो आपण वाचकच. यारोसबाईंचा 'ऑनिक्स स्टॉर्म' पाठवून दे, तोही वाचतो.