काचेवरचे फोटो कोकणात पुन्हा काढायला लागावं का?

खाडीपलीकडे (गुहागर)
मुद्दा सरळ मांडतो. रोल महाग झाला, वर धुवायला मुंबईला पाठवायचा आणि वाट बघायची. 2012 च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरी जाहीर केली. 'इंदू' रोल काढणारी उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्सही बंद पडली. फिल्म कारखान्यातच होते. काचेची प्लेट घरी तयार करता येते. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने 1851 मध्ये ओल्या कोलोडियनची (काचेवर ओतायच्या चिकट द्रवाची) रीत छापून सगळ्यांसाठी मोकळी केली, पेटंट घेतलं नाही. ती आजही जशीच्या तशी चालते.

गेलं वर्षभर मी पडवीत हेच करतोय. काचेचा कोपरा चिमटीत धरायचा, मधोमध कोलोडियन ओतायचं, काच कलती करत चारी कोपऱ्यांना न्यायचं आणि उरलेलं परत बाटलीत. सायीसारखा थर धरला की लाल उजेडात तीन-चार मिनिटं सिल्व्हर नायट्रेटमध्ये. मग ओली असतानाच कॅमेऱ्यात, सुकली की काच फुकट. कोलोडियनमधला ईथर 34.6 अंशाला उकळतो आणि एप्रिलात आमच्या पडवीत पारा तेवढा चढतो, म्हणून काम पहाटे. परवा बाबांना अंगणात बसवलं, सहा सेकंद. हायपोच्या (फोटो पक्का करणाऱ्या फिक्सरच्या) ट्रेमध्ये दुधाळ निळी काच निवळत गेली आणि बाबांचे डोळे वर आले. शेजारच्या काकू ट्रेवर वाकून गप्प उभ्या राहिल्या.

माझं म्हणणं, दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या शाळेत चार दिवसांची कार्यशाळा घेऊ. सामान वर्गणीतून.

जांभ्याचा चिरा (राजापूर)
दादा, तुमची तळमळ दिसते, पण मी रसायनशास्त्र शिकवतो आणि याला माझा ठाम विरोध आहे. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते. पडवीच्या एका टोकाला तुमची बाटली आणि दुसऱ्या टोकाला चूल असेल तर काय होईल, वेगळं सांगायला नको. जुन्या पुस्तकांत फिक्सर म्हणून पोटॅशियम सायनाइड दिलेलं असतं, एखादा पोरगा ते वाचून मागवेल. शिवाय आपला जांभा म्हणजे चाळण. परसात जे ओताल ते विहिरीत पोचतं. शाळेत तर अजिबात नको.

खाडीपलीकडे (गुहागर)
सर, शाळेचं मागे घेतो. ते माझं चुकलंच.

बाकीचं सांगतो. सायनाइड मी घरात आणलेलं नाही, हायपोवरच भागतं. सिल्व्हर नायट्रेट म्हणजे मतदानाच्या शाईत असतं तेच, पण डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा आणि हातमोजे कायम. वापरलेला हायपो ड्रममध्ये साठवतो आणि त्यात लोखंडी तारेचा चोथा टाकतो. लोखंड विरघळतं, चांदी खाली बसते. चांदी किलोला लाखावर गेलेली असताना ती परसात ओतायची कशाला? आणि विहिरीचं म्हणाल तर आमचं पाणी मचूळ आहे. त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब पडले की मिठामुळे ताकासारखं पांढरं होतं. म्हणून मी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरतो.

तसबीर (मालवण)
मला वेगळंच बोलायचंय.

आमच्या आजोबांचा बाजारपेठेत स्टुडिओ होता. त्यांच्या प्लेटा तुमच्यासारख्या ओल्या नव्हत्या, जिलेटिनच्या कोरड्या, खोक्यात तयार यायच्या. 1871 मध्ये मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने ती वाट दाखवली आणि त्यानंतर फोटोग्राफरला तंबू आणि बाटल्या घेऊन फिरायची गरज उरली नाही. आमच्या हवेत एकच त्रास, उन्हाळ्यात जिलेटिन मऊ पडून काचेवरून सुटायचं. आजोबा मासळीच्या बर्फाची लादी आणून डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, थंड करायचे, नंतर प्लेट तुरटीच्या पाण्यात घालून थर घट्ट करायचे.

ते गेल्यावर घरातल्यांनी प्लेटा सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन फ्रेमवाल्याला विकल्या. काच चांगली जाड होती, भाव आला. गावातल्या कितीतरी घरांत देवांच्या तसबिरींवर आज जी काच आहे ती कुणाच्या तरी लग्नाची निगेटिव्ह होती. हे मला आईने सांगितलं तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि अजून कुठल्याही घरात तसबीर दिसली की आधी काचेकडे बघते.

तीन खोकी उरलीत, माळ्यावर. गेल्या पावसाळ्यात वरच्या चार प्लेटा एकमेकींना चिकटल्या. एकीवर नऊवारीतली बाई आहे, मांडीवर मूल. बाईच्या नथीतला मोती मोजून घ्यावा इतका स्पष्ट, आणि मुलाचा चेहरा बुरशीने खाल्लाय.

असं असताना नव्या काचांसाठी वर्गणी काढायची? आधी आहेत त्या वाचवा.

लेन्सकॅप (अलिबाग)
ताईंशी सहमत. शिवाय फिल्म संपली हे गृहीतकच चूक आहे. पेंटॅक्सने 2024 मध्ये '17' नावाचा नवाकोरा फिल्म कॅमेरा आणला.

दुसरं, कोलोडियनला फक्त निळा-जांभळा उजेड कळतो. आकाश कोरं पांढरं, चिऱ्याची भिंत काळी, कुंकू काळं, उन्हात रापलेला माणूस आहे त्याहून गडद. 1868 पासून इंग्रज सरकारने इथल्या जातीजमातींचे नमुने म्हणून फोटोंचे आठ खंड छापले, त्यातली माणसं आठवा. माझ्या आजीचा तसा फोटो मला नको.

साहेबाचे ओटे (विजयदुर्ग)
लेन्सकॅप, कॅमेऱ्यामागे फक्त साहेब नव्हते हो. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 ची, तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ नारायण दाजी होते. नारायण दाजी स्वतः फोटो काढायचे. आपली माणसं आपल्याच माणसांकडे या काचेतून बघत होती, तो धागा तुटू नये असं मला वाटतं. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण आमच्या किल्ल्यावरूनही दिसणारं होतं. त्या ग्रहणाचे फोटो मेजर टेनंटने गुंटूरला घेतले, तेही ओल्या काचेवर.

खाडीपलीकडे (गुहागर)
रंगाचं म्हणणं खरं आहे. बाबाही काचेवर काळे आलेत. त्यांना तो फोटो आवडला, एवढंच मी सांगू शकतो.

तसबीरताई, तुमचं वाचून कार्यशाळेचा विषय दोन दिवस बाजूला ठेवला. चिकटलेल्या प्लेटा कृपा करून सुटवू नका, सुरी-नख काही लावू नका आणि पाण्यात तर मुळीच घालू नका. बाकीच्या एकावर एक न रचता कडेवर उभ्या ठेवा, मध्ये साधा कोरा कागद. कुठली बाजू थराची हे तिरप्या उजेडात कळतं, ती मंद दिसते, काचेची चमकते. तिला बोट लावायचं नाही, कडेनेच धरायचं. हे मला नव्या काचा खराब करूनच समजलं, म्हणून मी नव्याचा आग्रह धरतो. मागून उजेड देऊन एकेकीचा फोटो घेता येईल. माझा स्टँड आणि लाइट घेऊन येतो. पैसे नकोत.

तसबीर (मालवण)
मिरगाच्या आत या, नंतर आमच्या माळ्यावर ओल धरते. कार्यशाळेबद्दल माझं मत तेच आहे, ते समोरासमोर बोलू. शिडी जुनी आहे, म्हणून खोकी मीच उतरवून ओटीवर ठेवते. उभी.