सीटी नॉर्मल आला तर एमआरआय कशाला काढतात?

मिरजेची_पोर:
मंडळी जरा सांगा. बाबा (६७) परवा सकाळी चहा पीत होते, कपच हातातून सुटला, उजवा हात गळाला, तोंड वाकडं, बोलणं जड. तासाभरात दवाखान्यात पोचलो, सीटी काढला, डॉक्टर म्हणाले नॉर्मल आहे आणि लगेच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी एमआरआय पण काढला. आता काकांचं सुरू झालंय की सीटी नॉर्मल होता तर एवढं महाग इंजेक्शन कशाला आणि वर एमआरआय कशाला, सगळा धंदा. मला काय उत्तर द्यावं कळेना.

स्कॅनवाला:
१४ वर्षं टेक्निशियन आहे, हेच रोज ऐकतो. ताई, लकवा दोन तऱ्हेचा, एकतर मेंदूतली नस फुटते नाहीतर तुंबते, आणि बाहेरून पेशंट बघून दोन्ही सारखेच दिसतात. ताजं रक्त सीटीत पांढरंफेक दिसतं, दोन मिनिटांत कळतं. रक्त असताना ते इंजेक्शन दिलं तर माणूस हातचा जाईल, म्हणून आधी सीटी. बाबांचा नॉर्मल म्हणजे रक्त नाही, एवढाच अर्थ. तुंबलेल्या नसेचं पहिले काही तास सीटीत बऱ्याचदा काहीच दिसत नाही, आणि इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं मग थांबणार कोण? एमआरआयमध्ये डिफ्यूजन म्हणून एक सिक्वेन्स असतो, मार बसलेल्या पेशी फुगतात, पाणी हलायचं थांबतं, तेवढाच भाग बल्ब लावल्यासारखा चमकतो. शिवाय इंजेक्शननंतर २४ तासांनी परत एक स्कॅन बघतातच, आत रक्तस्राव नाही ना झाला, मगच ॲस्पिरिन सुरू करतात.

निशा_ठाणे:
सीटीवर विसंबून आम्ही फसलोय. सासूबाईंना गरगरत होतं, एकाचे दोन दिसत होते, चालताना तोल जायचा. एका दवाखान्यात सीटी क्लीन म्हणून मानेचं दुखणं सांगून घरी पाठवलं. दोन दिवसांनी एमआरआयमध्ये लहान मेंदूत स्ट्रोक निघाला. नंतरचे डॉक्टर म्हणाले मागच्या बाजूला कवटीचं हाड जाड, त्यामुळे सीटीत तो भाग नीट उठत नाही.

बापूराव६१:
आमचं उलटं. माझा हात थरथरायचा म्हणून मुलानं हट्टानं एमआरआय काढायला लावला, अर्धा तास त्या बोगद्यात ठकठक ऐकली, रिपोर्ट नॉर्मल, आम्ही पेढे आणायचेच बाकी! न्यूरोवाल्यांनी फिल्म बाजूला ठेवली आणि मला पॅसेजमध्ये चालायला लावलं. उजवा हात हलतच नव्हता चालताना. म्हणाले पार्किन्सन्स, यात साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, तो काढतात ते दुसरं काही नाही ना हे बघायला. आणि हो, पेसमेकर असेल तर आत जायच्या आधी सांगा, मशीनमधलं चुंबक कायम चालू असतं.

मिरजेची_पोर:
थँक्यू सगळ्यांना. रिपोर्ट आत्ता परत वाचला, डाव्या एमसीएच्या (मेंदूतल्या मधल्या धमनीच्या) भागात अक्यूट इन्फार्क्ट (म्हणजे नस तुंबून नुकताच मार बसलेला भाग), रक्तस्राव नाही असं लिहिलंय, काल ॲस्पिरिन सुरू झाली ती यामुळेच होय. आज बाबांनी उजव्या हातानं गोळी उचलली, अंगठा आणि बोट जुळायला वेळ लागला पण उचलली. स्कॅनवाला दादा, तुमचं उत्तर काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, तो पण त्यांच्यातलाच.