मदत हवी आहे: महिंद्रा सीजे ३बी, ४० च्या पुढे स्टेअरिंग थडथडतं

सातपुडा_जीप (शहादा):
बेल क्रँकवाली (स्टेअरिंगची ओढ दोन्ही चाकांकडे वाटणारा मधला फिरता आर्म असलेली) जुनी जीप, टायर ६.००-१६. ४०-४५ च्या वेगात पुढचं चाक खड्ड्यात आपटलं की स्टेअरिंग हातात थडथडायला लागतं, गाडी पार २० वर आणल्याशिवाय थांबत नाही. सरळ रस्त्यावर दोन-अडीच इंच प्ले (ढिलेपणा) आहे. बॅलन्सिंग झालं, टाय रॉड एंड (चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे सांधे) सगळे नवे. आता मिस्त्री स्टेअरिंग बॉक्स बदला म्हणतोय. बदलावा का?

किंगपिन_धुळे:
भाऊ, बॉक्सला आत्ता हातच लावू नका. अशी थडथड बहुतेक वेळा खालून येते.

चाकं जमिनीवरच ठेवा, इंजिन बंद. एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे दोन-दोन इंच हलवायचं, दुसऱ्याने खाली झोपून एकेका जॉइंटवर बोट ठेवायचं. ड्रॉप आर्म (स्टेअरिंग बॉक्समधून निघणारा हात) हलला, पण बेल क्रँक उशिरा हलला, तर ड्रॅग लिंक (त्या दोघांना जोडणारा दांडा) ढिली. तिच्या टोकाचा प्लग पूर्ण आवळून साधारण अर्धा फेरा मागे घ्या आणि कॉटर पिन नवीच टाका. बेल क्रँक फिरण्याआधी वर-खाली डुलत असेल, तर पिन-बुश गेले. तिथला थोडासा प्ले दोन्ही चाकांना जातो, म्हणून नवे एंड टाकूनही फरक दिसला नाही.

मग जॅक लावा. चाक १२ आणि ६ वाजता धरून हलवा. हललं तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेकने प्ले गेला तर व्हील बेअरिंग. तसाच राहिला तर किंगपिन (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं तो सांधा).

पाटा_चाळीसगाव:
पुढचे यू-बोल्ट आणि पाट्यांचा सेंटर बोल्टही बघा. सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल सरकतो, मग अलाइनमेंट कितीही करा. शॅकलचे (पाट्याच्या टोकाची झुलती कडी) बुश कोरडे-झिजलेले असले तरी ॲक्सल आडवा डुलतो. दोन्ही टायरची हवा सारखी ठेवा.

सातपुडा_जीप:
तपासलं. बेल क्रँकची पिन स्पष्ट डुलते. उजवं चाक १२-६ ला हलतं, ब्रेक दाबूनही. सेंटर बोल्ट ठीक.

किंगपिन_धुळे:
मग बठ्ठा खेय तिथंच शे! (सगळा खेळ तिथंच आहे!)

बेल क्रँकची पिन, बुश, सील, पूर्ण किट टाका. क्रॉसमेंबरमधलं पिनचं भोक अंडाकृती झालं असेल तर नवी पिनही महिन्यात ढिली होईल, आधी ते वेल्ड करून रीमिंग करून घ्या.

किंगपिनसाठी हब आणि स्पिंडल काढून नकल (ॲक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) उतरवा. वर-खाली टेपर बेअरिंग आहेत. कपावरून (बेअरिंगची बाहेरची रिंग) नख फिरवा: गाडी सरळ जात असताना रोलर जिथे बसतात तिथे बारीक खड्डे पडलेले लागतील. नख अडलं की शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून आवळण्यात अर्थ नाही, स्टेअरिंग मधोमध अडकेल आणि वळणावर जड होईल. कोन-कप (आतली आणि बाहेरची रिंग) दोन्ही बदला. शिम वर-खाली सारख्याच जाडीच्या ठेवा, नाहीतर ॲक्सल शाफ्ट मध्यावर राहत नाही. ३ किंवा ५ थाउची (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) एकेक शिम काढत जा, नकल हाताने जरा जड पण न अडखळता फिरली पाहिजे. फेल्टचं सील नवं टाका, नाहीतर नकलमधलं ग्रीस टायरवर.

नंतर टो-इन (चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली ठेवणं). बॉक्स मधोमध, बेल क्रँक सरळ, मग आधी एक चाक, मग दुसरं, वेगवेगळं. चाक फिरवत टायरवर खडूची रेघ मारा, ॲक्सलच्या उंचीवर पुढे-मागे मोजा. पुढचं माप १.५ ते २ मिमी कमी हवं.

पाटा_चाळीसगाव:
इतकं झाल्यावरही सरळ जात नसेल तर कास्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन). मूळ माप ३ अंश. कमी असेल तर पाचर टाकता येते. या जीपचे पाटे ॲक्सलच्या खाली आहेत, म्हणून पाचरीचा जाड भाग पुढे. फार घालू नका, पिनियन खाली झुकतो आणि फोर व्हीलमध्ये प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस ओरडायला लागतात. कास्टर गरजेपेक्षा वाढला तर थडथडही परत येते.

सातपुडा_जीप:
आणि बॉक्स?

किंगपिन_धुळे:
सगळ्यात शेवटी, तेही मधोमध प्ले उरलाच तर. ॲडजस्टिंग स्क्रू जरासाच आवळा, मग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. कुठे जड लागला तर परत मागे घ्या. आतला कॅम मध्यावर जास्त झिजतो, मध्य घट्ट केला की वळणावर अडतो. डॅम्पर (स्टेअरिंगचे धक्के शोषणारा शॉक) मात्र आत्ता लावू नका, त्याने थडथड झाकली जाते आणि खालचे जॉइंट झिजतच राहतात.