ब्राइडग्रूममधला ‘ग्रूम’ मोतद्दार कसा?

कोडेवाली:
काल शब्दकोडं सोडवत होते. ‘घोड्याची निगा राखणारा’, चार अक्षरं. मोतद्दार काही केल्या सुचेना, इंग्रजी ‘ग्रूम’ मात्र पटकन आठवला. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय: मग ब्राइडग्रूम म्हणजे काय, नवरीचा मोतद्दार? हातात खरारा घेतलेला? आमचे हे म्हणतात, “लग्नानंतर तेच काम असतं.” यांना गप्प करायला तरी कुणीतरी खरी व्युत्पत्ती सांगा.

जुनी_पोथी:
त्यांना सांगा, घोड्याचा इथे काडीचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत शब्द होता ‘ब्र्यूडगुमा’. ब्र्यूड म्हणजे नवरी, गुमा म्हणजे पुरुष. ‘बेओवुल्फ’ काव्यात हा गुमा सारखा भेटतो. पुढे बोलण्यातून तो हद्दपार झाला, ‘गोम’ होऊन काही काळ कवितेत तेवढा तगला. जोडशब्दाला मात्र ते शेपूट लटकलेलंच राहिलं, आणि त्याचा अर्थ कुणालाच लागेना. असं शेपूट लोकांना खपत नाही. 16 व्या शतकात त्याच्या जागी ओळखीचा ‘ग्रूम’ येऊन बसला. जर्मनमधला ‘ब्रॉइटिगाम’ घ्या, स्वीडिशमधला ‘ब्रुडगुम’ घ्या: शेवटच्या तुकड्यात ‘र’ कुठेच नाही. तो इंग्रजांनी घुसडलेला.

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. गुमा हा लॅटिन ‘होमो’चा भाऊबंद. मूळ अर्थ मातीचा, भुईवरचा. लॅटिन ‘ह्यूमस’ म्हणजे माती, आणि संस्कृतात पृथ्वीला ‘क्षमा’ म्हणतात, तीही याच कुळातली.

शेवटचा_बाक:
पोथीबुवा, एक पुरवणी. ही अदलाबदल झाली तेव्हा ग्रूम म्हणजे पोरगा, नोकर, गडी. तबेल्याचा अर्थ पक्का झाला तो 17 व्या शतकात. त्यामुळे ताईंचे यजमान अगदीच चुकले असं नाही म्हणता येत.

आणि ‘ब्राइडल’ विसरू नका. तो मुळात ब्राइड अधिक एल, म्हणजे नवरीच्या लग्नातली बिअर, म्हणून लग्नाची मेजवानीच. ‘नॅशनल’, ‘रॉयल’सारखं शेवटी ‘अल’ ऐकू आलं आणि लोकांनी त्याचं विशेषण करून टाकलं.

कोडेवाली:
दोघांचेही आभार. सगळं मोठ्यांदा वाचून दाखवलं. यांनी होमो ऐकलं नाही, क्षमा ऐकली नाही. बिअरपाशी मात्र पेपर खाली आला.